एमिलीला कोणी विचारले?

सूर्य उगवता उगवता एमिली डायनाच्या देवळात जाते. झऱ्याच्या पाण्याने अंग धुते, केस विंचरून मोकळे सोडते, डोक्यावर ओकच्या हिरव्या पानांचा मुकुट घालते, वेदीवर दोन अग्नी चेतवते आणि मागणे मांडते. मागणे अगदी सरळ आहे. मला कुणाची बायको व्हायचे नाही, मूल नको, पुरुषाची सोबत नको. रानात हिंडावे, शिकार करावी, एवढेच मला आवडते. माझ्यापायी भांडणाऱ्या त्या दोघांची मने माझ्यावरून उडव आणि त्यांच्यात समेट घडव. मग घासाघीस करायला आलेल्या माणसाने आपणच भाव उतरवावा तशी ती पुढे म्हणते: आणि त्यांच्यापैकी एक माझ्या नशिबी असेलच, तर ज्याला माझी जास्त ओढ आहे तो पाठव.

वेदीवरचा एक अग्नी विझतो आणि पुन्हा पेटतो. दुसरा विझतो, तेव्हा जळत्या लाकडांच्या टोकांतून रक्तासारखे थेंब गळू लागतात. एमिली घाबरून रडते. तेवढ्यात हातात धनुष्य घेतलेली डायना प्रकट होते आणि सांगते, की देवांमध्ये हे ठरून गेले आहे. त्या दोघांपैकी एकाशी तुझे लग्न व्हायचे आहे; कोणाशी, ते मला सांगता येत नाही. कुमारिकांची देवीच असे म्हणाल्यावर अपील करायचे कोणाकडे?

जेफ्री चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मधली ही पहिली गोष्ट. सव्वादोन हजार ओळींच्या या काव्यात एमिलीला स्वतःचे बोलणे मिळते ते इथेच, आणि तेही माणसांशी नव्हे. ती अ‍ॅमेझॉन, म्हणजे पुरुषांवाचून राज्य करणाऱ्या लढवय्या बायकांपैकी एक. अथेन्सच्या थीसियसने ते राज्य जिंकले, राणी हिपोलिटाशी लग्न केले आणि तिच्या बहिणीला बरोबर आणले. तुरुंगाच्या खिडकीतून पॅलामन आणि आर्सिट हे थीब्जचे दोन मावसभाऊ तिला बागेत फुले वेचताना पाहतात आणि पुढची कित्येक वर्षे तिच्यावरून एकमेकांच्या जिवावर उठतात. तिला याचा पत्ताच नसतो. थीसियस त्यांना रानात झुंजताना पकडतो तेव्हा तोच हसून म्हणतो, की या सगळ्या धामधुमीतले एमिलीला एखाद्या कोकिळेइतके किंवा सशाइतकेच ठाऊक आहे. विनोद चांगला आहे. पण तो करून झाल्यावर थीसियस तिला विचारायला जात नाही. दोघांनी वर्षभराने शंभर-शंभर योद्धे घेऊन यावे आणि जिंकणाऱ्याला एमिली मिळावी, असा निवाडा तो जागच्या जागी देऊन टाकतो.

आर्सिट जिंकतो, पण घोड्यावरून पडून मरतो. काही वर्षे जातात. अथेन्सला थीब्जशी तह करायचा असतो, त्यासाठी सभा भरते आणि पॅलामनला बोलावणे जाते. विश्वाच्या रचनेवर एक लांबलचक भाषण करून थीसियस एमिलीला म्हणतो, की या लग्नाला माझी आणि माझ्या सभेची पूर्ण संमती आहे, आण तुझा हात. संमती हा शब्द तिथे आहे, आणि तो तिच्याबद्दल नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीत ‘मुलीला विचारले का?’ या प्रश्नावर जे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या येत आले, तेच हे: मुलगी आमच्या शब्दाबाहेर नाही.

मध्ययुगीन युरोपातल्या या ‘रोमान्स’ कथा म्हणजे शूर सरदार, त्यांचे पराक्रम आणि त्यांना मिळणाऱ्या सुंदर स्त्रिया, अशी आपली ढोबळ समजूत असते. बाराव्या शतकात फ्रेंचमध्ये सुरू झालेला हा प्रकार इंग्रजीत पंधराव्या शतकापर्यंत जोमात होता. त्यातल्या स्त्रियांना नवरा निवडता येत नाही, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या काळात या कथा रचल्या गेल्या, त्याच काळात युरोपातला विवाहाचा कायदा बरोबर उलटे सांगत होता.

इ. स. ११४० च्या सुमारास बोलोन्याच्या ग्रेशियनने चर्चच्या कायद्यांचा मोठा संग्रह केला. त्यात मनाविरुद्ध कोणाचेही लग्न लावू नये, असे तत्त्व मांडले होते. पुढे पोप तिसऱ्या अलेक्झांडरने (कारकीर्द ११५९ ते ११८१) ते आणखी पक्के केले. वर-वधूंनी वर्तमानकाळी शब्दांत एकमेकांचा स्वीकार केला की लग्न लागले. बापाची परवानगी लागत नाही, जमिनीच्या मालकाची लागत नाही. फार काय, पुरोहित आणि साक्षीदार नसले तरी लग्न खरेच. मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा १४ वर्षांचा असला म्हणजे झाले. बळजबरीने लावलेले लग्न मोडता येई, मात्र एका अटीवर: धाक असा हवा, की ज्याने एखादा खंबीर पुरुषही डगमगला असता. बारा-चौदा वर्षांच्या पोरीची भीती मोजायला माप घेतले ते खंबीर पुरुषाचे. शिवाय काही काळ ती नवऱ्याजवळ राहिली, की तक्रारीत दम उरत नसे.

म्हणजे कायद्याला मुलीच्या तोंडून ‘हो’ हवा होता. तो कसा निघाला याची चौकशी तो बेताबेतानेच करी. याच फटीत रोमान्स कथा जन्मल्या. तिला विचारतात की नाही, हे त्यांत पाहत बसू नये. तिचा होकार कसा घडवला जातो, ते पाहावे. कवी ते लपवत नाहीत, म्हणून तर या कथा आजही वाचण्याजोग्या आहेत.

होकाराची एवढी गरज का होती, हे इंग्लंडच्या राजदप्तरात दिसते. सरदाराच्या विधवेला किंवा वारस मुलीला नवरा निवडून देण्याचा हक्क राजाचा असे, कारण तिच्याबरोबर जमीन जाई आणि जमिनीबरोबर सैन्य. ११८५ मध्ये दुसऱ्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी बारा परगण्यांत फिरून राजाच्या ‘देण्यातल्या’ अशा बायका-मुलांची एक यादी केली. ती आजही उपलब्ध आहे. विधवेचे वय, मुले किती, जमिनीचे उत्पन्न किती, तिथे जनावरे किती आणि आणखी किती घातली तर उत्पन्न किती वाढेल, अशा नोंदी एकापाठोपाठ येतात. बाजाराला न्यायच्या म्हशीची माहिती याहून फार वेगळी नसते.

ओमालची काउंटेस हॉविस हिची हकिकत या यादीला चेहरा देते. हेन्रीने ११८० मध्ये तिचे लग्न लावले. तो नवरा वारला. पुढच्या राजाने, म्हणजे सिंहहृदयी रिचर्डने, दुसरा नवरा ठरवला. तिने नकार दिला तेव्हा तिची मालमत्ता अडकवली आणि ती नमली. दुसऱ्यामागून तिसरा नवरा आला, तोही राजाच्याच पसंतीचा. १२१२ मध्ये तिसरा वारला आणि जॉन राजा चौथ्याची तयारी करू लागला. तेव्हा आपला वारसा आपल्याकडे राहावा आणि पुन्हा लग्नाची सक्ती होऊ नये म्हणून हॉविसने राजाला ५००० मार्क देऊ केले. नकाराची ही किंमत त्या काळी एखादे छोटे युद्ध लढायला पुरली असती. तीन वर्षांनी, १२१५ मध्ये, सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला, त्यात विधवेवर लग्नाची सक्ती करू नये असे आठवे कलम आले. पण त्याच कलमात पुढे हेही आहे, की राजाच्या परवानगीवाचून तिने लग्न करायचे नाही. म्हणजे नको म्हणायची मोकळीक मिळाली. हवा तो करायची नाही.

आता फ्रेंच कवी क्रेत्यां द त्र्‌वाच्या ‘ईव्हँ’ या काव्याकडे वळू. काळ साधारण ११८० च्या आसपासचा, म्हणजे अलेक्झांडरच्या फर्मानांची शाई वाळायच्या आतला. ईव्हँ एका मंतरलेल्या झऱ्याच्या रखवालदाराला मारतो आणि त्याचा पाठलाग करत त्याच्याच गढीत अडकतो. ल्यूनेत नावाची चतुर दासी त्याला अदृश्य करणारी अंगठी देऊन लपवते. लपल्या जागेवरून तो मेलेल्या रखवालदाराच्या बायकोचा आकांत पाहतो. ती केस उपटते, कपडे फाडते, आणि ते पाहता पाहता तो तिच्या प्रेमात पडतो. तिचे नाव लोदीन. बहुतेक हस्तलिखितांत तिला नावही नाही. ती नुसती ‘बाईसाहेब’.

इथून पुढचा भाग हा युरोपीय साहित्यातला मन वळवण्याचा एक उत्कृष्ट धडा आहे. ल्यूनेत धनिणीपाशी बसते आणि सहज विचारते: दोघे लढले आणि एक जिंकला, तर श्रेष्ठ कोण? जिंकला तो. मग ज्याने तुमच्या नवऱ्याला मारले तो त्याच्यापेक्षा श्रेष्ठ, हे तुमच्याच तोंडून निघाले. लोदीन संतापून तिला हाकलते. पण रात्री झोप येत नाही. ती मनातल्या मनात त्या मारेकऱ्यावर खटला चालवते. फिर्यादी तीच, आरोपीचा वकील तीच, न्यायाधीशही तीच. तू माझे काही वाईट करायला आला होतास का? नाही. त्याने तुला मारले असते, खरे ना? खरे. सुटला. सकाळी ल्यूनेतला परत बोलावणे जाते.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई चंचल. पतीची चिता विझली नाही तोच दुसरा. क्रेत्यांही थोडे चिमटे काढतोच. पण ल्यूनेतचे दुसरे वाक्य विसरू नये. आर्थर राजा काही दिवसांत झऱ्यावर चालून येणार आहे, आणि तुमच्या सगळ्या सरदारांत त्याच्यापुढे उभा राहील असा एकही नाही. लोदीनकडे गढी आहे, मुलूख आहे, बुद्धी आहे. ढाल उचलणारा हात नाही. तिला नवरा हवा आहे तो पहारेकरी म्हणून. मग ती सभा बोलावते. तिचा कारभारी उठून संकटाचे वर्णन करतो, सरदार तिच्या पाया पडतात, विनवण्या करतात, आणि जे आधीच ठरले आहे त्याला ती सर्वांच्या आग्रहाखातर नाइलाजाने कबूल होते. आतून दबाव, वरून विनवणी. तिने स्वतःच्या होकाराचे असे नाटक उभे केले, कारण त्या समाजात स्त्रीने स्वखुशीने दिलेला होकार बदनामीचा असतो आणि आग्रहाखातर दिलेला शोभतो.

कथेच्या शेवटी तर कमाल आहे. ईव्हँ पराक्रमाच्या नादात वर्षभरात परतायचे वचन विसरतो, लोदीन त्याला टाकते, आणि तो बरीच वणवण करून सिंहाला सोबतीला घेऊन परत येतो. ल्यूनेत पुन्हा पुढे होते. सिंहवाल्या योद्ध्याचा त्याच्या बाईसाहेबांशी समेट करून देईन, अशी शपथ ती लोदीनकडून संतांच्या अवशेषांवर हात ठेवून घेववते. मग कळते, की सिंहवाला तो ईव्हँच आणि बाईसाहेब म्हणजे ती स्वतः. तू मला गळाला लावलेस, असे लोदीन चिडून म्हणते. शपथ मोडता येत नाही म्हणून त्याला घेते. क्रेत्यां लगेच सांगतो, दोघे सुखी झाले. ईव्हँच्या सुखाबद्दल शंका नाही.

‘हॅव्हलॉक’ हे तेराव्या शतकाच्या अखेरचे इंग्रजी काव्य इतके नाजूक नाही. मरणारा राजा आपली मुलगी गोल्डबरो हिला कॉर्नवॉलच्या गॉडरिचच्या हाती सोपवतो आणि शपथ घेववतो, की देशातल्या सर्वांत उंच, सर्वांत बलवान पुरुषाला तिला दे. गॉडरिच राज्य बळकावतो. लिंकनच्या मुदपाकखान्यात पाणी आणि मासे वाहणारा हॅव्हलॉक शर्यतीत इतरांपेक्षा बारा फूट पुढे धोंडा फेकतो, आणि गॉडरिचला युक्ती सुचते. उंच म्हणजे उंच. शपथही पाळली आणि वारसही बुडाली. मॅग्ना कार्टाचे सहावे कलम वारसांची लग्ने हलक्या कुळात लावू नयेत असे सांगते, ते अशाच गॉडरिचांसाठी. गोल्डबरो म्हणते, राजाशिवाय किंवा राजाच्या मुलाशिवाय कोणाशी करणार नाही. तिला जिवाची धमकी मिळते. आणि हॅव्हलॉक? तोही नाहीच म्हणतो. बायको घेऊन करू काय, तिला खायला काय घालू, तिच्या अंगावर, पायांत काय घालू? अख्ख्या रोमान्स वाङ्मयात लग्नाचा इतका खरा हिशेब करणारा दुसरा नायक आम्हाला आठवत नाही. त्यालाही मारून कबूल करायला लावतात. रात्री रडत पडलेल्या गोल्डबरोला झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडातून सूर्यकिरणासारखा उजेड येताना आणि खांद्यावर राजचिन्ह दिसते. तो डेन्मार्कचा राजपुत्र निघतो. झालेली जबरदस्ती नशीब म्हणून गोड होते. श्रोत्यांना हे हवेच असणार. ज्यांच्या घरच्या मुली अशाच दिल्या गेल्या होत्या, त्यांना नवऱ्याच्या तोंडात उजेड असल्याची गोष्ट ऐकावीशी वाटली तर त्यात नवल नाही.

ज्या नायिका शेवटपर्यंत नकारावर टिकतात त्यांना काय करावे लागते, तेही कवी मोजून सांगतात. ‘बेव्हिस ऑफ हॅम्प्टन’मधल्या जोसियनला एक जर्मन सरदार जबरदस्तीने बोहल्यावर चढवतो. लग्नाच्या रात्री ती दिवे आणि माणसे बाहेर घालवते, कापडाची सरकगाठ करून त्याच्या गळ्यात अडकवते आणि त्याला पलंगाशीच फाशी देते. सकाळी तिला जाळायला नेतात. बेव्हिस वेळेवर पोहोचतो म्हणून वाचते. क्रेत्यांच्याच ‘क्लिजे’मधली फेनिस अधिक सभ्य मार्ग काढते. मन एकाकडे आणि शरीर दुसऱ्याकडे असे जुन्या प्रेमकथेतल्या इझोल्डचे झाले तसे माझे होऊ देणार नाही, असे ती ठरवते. तिची दाई तिच्या नवऱ्याला, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला, असे पेय पाजते, की त्याला बायकोचा सहवास स्वप्नात घडतो आणि खराच वाटतो. पुढे फेनिस मेल्याचे सोंग घेते. सालेर्नोहून आलेल्या तीन वैद्यांना संशय येतो. तिला जिवंत ठरवण्यासाठी ते चाबकाने फोडून काढतात आणि तिच्या तळहातांवर वितळलेले शिसे ओततात. ती हूं की चूं करत नाही. दाराच्या फटीतून हा प्रकार पाहणाऱ्या नगरातल्या बायका शेवटी दार फोडून आत घुसतात आणि तिन्ही वैद्यांना खिडकीतून खाली फेकून देतात. फेनिसला तिचा प्रियकर क्लिजे मिळतो. पण कवी जाता जाता सांगतो, की तेव्हापासून कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट आपल्या बायकांना कोंडून ठेवू लागले. एकीने निवड केली, त्याचा दंड पुढच्या सगळ्यांनी भरला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. या वाङ्मयात आपणहून पुढाकार घेणाऱ्या नायिकाही आहेत. ‘किंग हॉर्न’मधली राजकन्या रायमेनहिल्ड स्वतःच हॉर्नला मागणी घालते. एक्विटेनची एलिनॉर आणि तिची मुलगी शँपेनची मारी यांच्यासारख्या स्त्रिया कवींच्या आश्रयदात्या होत्या. मग स्त्रियांना गप्प बसवणारे हे साहित्य, असे एकदम कसे म्हणावे? म्हणू नयेच. पण रायमेनहिल्ड ज्याला मागणी घालते तो परागंदा राजपुत्र निघतो. मनाने निवडलेला आणि कुळाने शोभणारा असे दोन्ही एकच असण्याची सोय कवी आधीच करून ठेवतो. निवड चुकीच्या माणसावर पडली तर काय, या प्रश्नाला तो हात घालत नाही. आणि चॉसरने ‘वाइफ ऑफ बाथ’च्या गोष्टीत स्त्रियांना खरे काय हवे असते हे शोधायला ज्या सरदाराला धाडले, त्याला शेवटी एका म्हातारीशी लग्न करावे लागते, तेव्हा तो गयावया करतो: माझी सगळी मालमत्ता घे, पण माझे शरीर सोड. सक्तीच्या लग्नाविरुद्धचा सर्वांत मोठा आक्रोश पुरुषाच्या तोंडी आहे. ज्या मुलीवर त्याने बलात्कार केला म्हणून गोष्ट सुरू झाली, तिला एकही वाक्य नाही. चॉसरला हे ठाऊक होते, असेच आम्हाला वाटते.

‘हॅव्हलॉक’ रचले गेले त्याच तेराव्या शतकात आपल्याकडे महदंबेने रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. भावाने शिशुपाल ठरवला, बहिणीने ब्राह्मणाच्या हाती पत्र धाडून कृष्णाला बोलावले. ही निवडीचीच कथा. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची पारायणे मात्र आपल्याकडच्या उपवर मुलींना सांगितली गेली ती लग्न लवकर जमावे म्हणून. कोणाशी, ते वडीलधारे बघतील.

कथेबाहेरच्या मुलीने निवड केली तर काय होत असे? नॉरफकच्या पास्टन घराण्याची पंधराव्या शतकातली शेकडो पत्रे जपली गेली आहेत. १४४९ मध्ये या घरातल्या विशीतल्या एलिझाबेथसाठी पन्नाशीचा, आजाराने चेहरा बिघडलेला विधुर ठरवला होता. तिच्या एका नातलग बाईने लिहिलेल्या पत्रात आहे, की आई तिला आठवड्यातून एकदोनदा, कधी दिवसातून दोनदा मारते आणि तिचे डोके दोनतीन ठिकाणी फुटले आहे. ते लग्न झाले नाही. वीस वर्षांनी तिच्या भाचीने, मार्जरीने, घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्नाचे शब्द उच्चारले. घराण्याची अब्रू गेली. आमची बहीण बाजारात मेणबत्त्या आणि मोहरी विकणार काय, असे भावाने लिहिले. प्रकरण नॉर्विचच्या बिशपपुढे गेले. बिशपने तिला कुळाची आठवण दिली आणि नेमके काय शब्द बोललीस ते विचारले. तिने ते सांगितले, आणि वर म्हणाली, की एवढ्याने बंधन पक्के होत नसेल तर जाण्यापूर्वी आणखी पक्के करते. बिशपला लग्न मान्य करावे लागले. आईने घराचे दार बंद केले, ते मार्जरीला पुन्हा उघडले नाही. अलेक्झांडरचा तीनशे वर्षांपूर्वीचा नियम इथे एका मुलीने हत्यारासारखा वापरला. याच घरात, तिचा भाऊ सर जॉन याच्या पुस्तकांच्या यादीत, आर्थरच्या मृत्यूची कथा, गाय ऑफ वॉरिक, ट्रॉयलस आणि ग्रीन नाइट ही पुस्तके होती. कारभाऱ्याशी लग्न करणारी नायिका त्यांपैकी एकातही नाही.

मार्जरीच्या कामी आलेली ही बिशपची कचेरी दुधारी होती. ‘हो’ म्हटलेला जीव नवऱ्याचे किंवा बायकोचे घर सोडून गेला, तर चर्चची न्यायालये त्याला परत नांदायला जाण्याचा हुकूम देत. इंग्रजी कायद्यात तो ‘वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना’ या नावाने राहिला आणि कंपनीच्या व राणीच्या राज्याबरोबर हिंदुस्थानात आला. मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी याच नावाचा दावा रखमाबाईंवर लावला. लग्न झाले तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याकडे कधी नांदायला गेल्या नव्हत्या. आपली संमती नसलेले हे लग्न आपल्याला बांधत नाही, ही त्यांची भूमिका. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळताना म्हटले, की हा उपाय इंग्लंडातून आलेला आहे, हिंदू कायद्यात तो नाही, आणि अशा प्रकरणात तो लागू करणे क्रूरपणाचे होईल. अपिलात हा निकाल फिरला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी २००० रुपये देऊन तडजोड झाली, आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

त्या वादात ‘केसरी’सह स्वधर्माचा अभिमान धरणारी मराठी पत्रे रखमाबाईंच्या विरुद्ध उभी राहिली. मध्ययुगीन ख्रिस्ती बिशपांच्या कचेरीतला उपाय हिंदू धर्माचे रक्षण म्हणून लढवला गेला, याची गंमत त्या वेळी फारशी कोणाला वाटली नाही. हुकूम न पाळणाऱ्याला कैद करण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने दावा लागला त्याच वर्षी, १८८४ मध्ये, काढून टाकली होती.

हा दावाच इंग्लंडने १९७० मध्ये रद्द केला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने आपल्याकडचे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून ते तिथेच आहे.